इंदूअक्कांची उन्हावरची गाडी

इंदूअक्कांच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीनं माप घ्यायची टेप कायम असायची. लग्नाकार्याला ठेवणीतली साडी नेसल्या तरी टेप तिथंच. कुणी आठवण करून दिली की अक्का, टेप राहिली गळ्यात, तर म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे की. तुला काय टोचतीया?" गल्लीत नवा माणूस दिसला की त्याला वरून खाली न्याहाळायच्या आणि नाव-गाव विचारायच्या आधी त्याची छाती, कंबर, खांदा मनातल्या मनात मोजून मोकळ्या व्हायच्या. मला बघायला मंडळी आली तेव्हा अक्का आमच्याच स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होत्या. मुलगा कसा वाटतो, असं आईनं त्यांना हळूच विचारलं. अक्कांनी दाराच्या फटीतून बघितलं आणि सांगितलं, "छाती छत्तीस हाय, पण खांदं पडल्यात. सदऱ्याला पॅड घालाय लागतील." आईनं हा होकार समजून लग्न ठरवून टाकलं. खांदे अजून पडलेलेच आहेत, पण माणूस बरा निघाला.

अक्का जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची गाडी अजून गल्लीच्या तोंडाशी भर उन्हात उभी असते. एप्रिल-मेमध्ये अख्खं कोल्हापूर गाडी लावायला सावली शोधत हिंडतं, पण ही गाडी सावलीत लावायची नाही असा अक्कांचा हुकूम होता, आणि त्यांचे मालक, म्हणजे आमचे तात्या, तो आजही पाळतात. गाडीच्या टपावर सोलरची दोन पॅनल आहेत. ती गाडी आणि ती पॅनल यांच्यापायी अक्कांनी आम्हा सगळ्यांना जे नाचवलं ते सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

मी त्यांची समोरच्या घरातली शेजारीण. लग्नानंतरही याच गल्लीत राहिले, त्यामुळं माझी अक्कांच्या तावडीतून कधी सुटका झाली नाही. पुढं मी पतसंस्थेत काउंटरवर चिकटले, पण त्याआधी अक्कांच्या शिवणक्लासला जात होते आणि तिथली सगळ्यात ढ मुलगी होते. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्रं मांडलेली, भिंतीला कागदी कटिंगं टांगलेली, आणि मधोमध अक्का, ओठांत टाचण्या धरून. टाचण्या ओठांत असल्या तरी त्यांचं बोलणं थांबायचं नाही. नुसत्या हुंकारांवरून शिवी कुठली आणि शाबासकी कुठली हे आम्हाला ओळखता यायला लागलं होतं. शाबासकी क्वचित असायची, त्यामुळं ओळखणं सोपं जायचं.

क्लासमध्ये दोन गुन्ह्यांना माफी नव्हती. एक म्हणजे माया न सोडता कापड कापणं. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. अंग भरलं की तेवढं उसवून कपडा सैल करता येतो. माया विसरली की बोटांवर लाकडी पट्टी बसायची. दुसरा गुन्हा उसवायला लाजण्याचा. मी एकदा ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या उलट्या लावल्या होत्या आणि तसंच दडपून नेण्याच्या बेतात होते. अक्कांनी ब्लाऊज माझ्या हातातून ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "उसवाय लाजलीस तर जलमभर वाकडंच घालशील." आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, परगावच्यांना त्याची गंमत वाटते. अक्काही तशाच बोलायच्या. "मी सोता किती उसवलोय म्हाईत हाय का तुला?" असं म्हणून त्यांनी मला त्या बाह्या चार वेळा उसवायला लावल्या.

तात्या ट्रक चालवायचे. कोल्हापूरचा गूळ भरून गुजरातेत जायचे, तिथून जो माल मिळेल तो घेऊन आणखी कुठं कुठं, आणि महिन्यातून काही दिवस घरी. घरी आले की कट्ट्यावर बसून रस्त्यांच्या गोष्टी सांगायचे. कच्छात एके ठिकाणी मिठाची जमीन नजर पोचेल तिथवर पांढरीफेक असते, हे मी भूगोलाच्या पुस्तकाआधी तात्यांच्या तोंडून ऐकलं. अक्का दारात काजं करत ऐकायच्या. तात्या म्हणायचे, एकदा तुला दाखवतो. अक्का म्हणायच्या, व्हय व्हय, आणि दोरा दातानं तोडायच्या. सासू अंथरुणाला, मुलगा शाळेत, क्लास चालू, कधी जमणार? गारगोटीला माहेर आणि वर्षातून एकदा जोतिबाचा डोंगर, एवढाच त्यांचा प्रवास.

सासूबाई गेल्या, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, तात्यांनी ट्रक सोडला. आता दोघं हिंडतील असं आम्हाला वाटलं, तर तात्यांना नवंच दुखणं लागलं. झोपेत त्यांचा श्वास अडकायचा. घोरता घोरता एकदम शांत व्हायचे, मग हिसका बसून जागे. डॉक्टरांनी एक यंत्र दिलं. नाकावर मुखवटा चढवायचा, यंत्र रात्रभर हवा देत राहतं. यंत्राशिवाय एक रात्रही झोपायचं नाही, अशी ताकीद दिली. यंत्र विजेवर चालणारं, त्यामुळं जिथं वीज खात्रीची तिथंच तात्यांनी झोपायचं. सारा मुलूख तुडवलेला माणूस भिंतीतल्या एका प्लगला बांधला गेला. सुरुवातीला ते मार्केट यार्डात जुन्या ड्रायव्हर मंडळींत जाऊन बसायचे. पुढं तेही सोडलं. आतल्या खोलीत कॉटवर बसून राहायचे, टीव्ही बंद असला तरी त्याच्याकडं तोंड करून. वीज गेली की अक्का उशाशी बसून त्यांच्या छातीवर हात ठेवायच्या. वीज असली तरी त्यांना झोप लागत नव्हती. यंत्राच्या आवाजाकडं कान लावून पडून राहायच्या. सकाळी त्यांचे डोळे तांबारलेले असायचे.

अशात अक्कांना ती गाडी आठवली.

फार पूर्वी एका चित्रपट कंपनीनं मेकअपसाठी एक गाडी बांधून घेतली होती. साधीच पिकअप, तिच्या मागच्या हौद्यावर लाकडी खोली बसवलेली. खोली बुटकी, पण तिचा टप उचलता यायचा. आत एक हँडल होतं, ते फिरवलं की टप हातभर वर जायचा आणि टप नि भिंत यांच्यामध्ये चुण्यांचं कॅनव्हास उलगडायचं. नटीला आत ताठ उभं राहून साडी नेसता यावी म्हणून ही करामत. ते कॅनव्हास अक्कांनी शिवलं होतं. कंपनी कधीच बंद पडली. गाडी उद्यमनगरात एका गॅरेजच्या मागं पडून आहे असं त्यांना कळलं, आणि मला रिक्षात घालून त्या तिथं घेऊन गेल्या. गाडीत कोंबड्या होत्या. अक्कांनी त्यांना हाकललं, हँडल फिरवलं आणि कॅनव्हासच्या शिवणीवरून बोट फिरवत गेल्या. रंग पार उडाला होता. "टीप निघाल्याली न्हाई बघ कुटं," त्या म्हणाल्या, आणि गाडी घ्यायची ठरली. इंजिनाकडं त्यांनी ढुंकून बघितलं नाही.

गाडी गल्लीत आली तशी लोकांना भजीचा गाडा निघणार असं वाटलं. कधी सुरू करताय, असं जो तो विचारायचा. "पैल्या घाण्याला तुलाच तळतो," अक्का सांगायच्या. मुलाचा पुण्याहून फोन आला की आई, घरात इन्व्हर्टर बसवून देतो, हे काय खूळ काढलंस. अक्कांनी त्याला सांगितलं की इन्व्हर्टर घरात बसतो, मला बसायचं नाही. त्यांचा बेत सरळ होता. टपावर सोलर, खाली बॅटरी, बॅटरीवर तात्यांचं यंत्र. खांबावरची वीज नाही अशा ठिकाणी ते यंत्र रात्रभर चाललं की तात्या पुन्हा रस्त्यावर. नाही चाललं तर तात्या कॉटवर. एवढ्या एका गोष्टीवर सगळं येऊन ठेपलं होतं.

यासीन मिस्त्री हे ट्रकच्या वायरिंगमधले जुने माणूस, तात्यांच्या ट्रकचं काम तेच करायचे. ते आधी नाहीच म्हणाले. ट्रकचे दिवे मला कळतात अक्का, उन्हाचं काय कळत नाही, असं त्यांनी कबूल करून टाकलं. मग दोघं आमच्या कट्ट्यावर बसून मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघायला लागले. थांबवायचे, मागं न्यायचे, भांडायचे. मिस्त्रींनी फ्यूज कशाला असतो ते समजावून सांगितलं, की वीज जास्त झाली तर फ्यूज आधी जळतो आणि वायर वाचते. अक्का म्हणाल्या, "म्हंजे कच्चा टाका. वढ बसली तर टाका तुटावा, कापड फाटू ने." मिस्त्रींनी थोडा विचार केला आणि बरोबर असल्याचं सांगितलं. त्यानंतर त्या दोघांची भाषाच ती झाली.

गाडीतली जुनी वायरिंग म्हणजे दिव्यच होतं. आरशाभोवतीच्या बल्बांसाठी कुणीतरी सगळ्या काळ्याच वायरी टाकलेल्या, चिंध्यांनी बांधलेल्या, कुठली कुठं जाते याचा पत्ता नाही. यातल्या चांगल्या तेवढ्या ठेवू, असं मिस्त्रींचं म्हणणं. अक्कांनी साफ नकार दिला. जुनी टीप ठेवून वर नवी मारली की कापड गोळा होतं, असं म्हणून त्यांनी सगळी गाडी उसवली. दोन दिवस त्या आत मांडी घालून बसल्या होत्या आणि दारातून काळ्या वायरींचे पुंजके बाहेर येऊन पडत होते. तात्या खिडकीतून बघायचे आणि पडदा ओढून घ्यायचे.

मग अक्कांनी गाडीचं कटिंग केलं. हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर खरं मानलं नसतं. टपावर, भिंतींवर, बाकाखाली वर्तमानपत्रं अंथरून, डकवून, त्यांवर खडूनं वायरींच्या रेघा मारल्या. पॅनल इथं, वायर इथून खाली, बॅटरी इथं. मग ते कागद काढून कापले, ब्लाऊजच्या कटिंगसारखी घडी घातली आणि मिस्त्रींच्या हातात दिली. मिस्त्रींनी त्या मापानं वायरी कापल्या. टपावरून खाली येणाऱ्या वायरीसाठी अक्कांनी कॅनव्हासला आतून नेफा शिवला, परकराला असतो तसा, आणि नाडी ओवायच्या पिनेनं त्यातून वायर ओवून घेतली. मिस्त्री हात जोडून बघत राहिले.

सगळं जोडून झालं त्या दिवशी अक्कांनी तात्यांना मुद्दाम बाहेर बोलावलं. टप उचलायचा मान मालकांचा. तात्या नाराजीनंच आले आणि हँडल फिरवायला लागले. टप वर चढला, कॅनव्हास उलगडलं, आणि अगदी शेवटच्या फेऱ्याला कोपऱ्यात फट् असा आवाज झाला. वायर सांध्यातून निघून लोंबायला लागली. मिस्त्रींनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि त्यांना कळून चुकलं. कागदी कटिंग टप खाली असताना घेतलेलं होतं. टप हातभर वर जातो, आणि वायर तेवढी लांब ठेवायची असते, हे ज्या बाईनं गल्लीतल्या निम्म्या पोरींची बोटं सुजवली त्या बाईच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी या क्षणाची वीस-पंचवीस वर्षं वाट बघत होते. "अक्का," मी म्हटलं, "माया किती सोडली होती?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मग आत गेल्या, क्लासमधली लाकडी पट्टी घेऊन आल्या, ती माझ्या हातात दिली आणि स्वतःचा हात पुढं केला. "मार," म्हणाल्या. मला हसू आवरेना. मी पट्टी नुसती टेकवली तर म्हणाल्या, "जोरात मार की, मी तुला आसं मारलोय व्हय?" तात्या हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना बघत होते. अक्का मात्र हसत हसत लगेच नेफा उसवायला बसल्या होत्या.

नवी वायर लांब सोडून टाकली, टप चार वेळा वर-खाली करून झाला, बॅटरी भरायला लागली. तोवर दसरा आला. खंडेनवमीला अक्कांच्या घरी दरवर्षी कात्र्या आणि शिवणयंत्रं यांची पूजा असायची. यंत्रांना झेंडूच्या माळा पडायच्या, आणि खंडेनवमीची माळ हातानं काढायची नाही, वाळून आपोआप गळेल तेव्हा गळेल, हा अक्कांचा नियम. दिवाळीपर्यंत ब्लाऊजवर झेंडूच्या पाकळ्या पडत राहायच्या. त्या वर्षी गाडीचीही पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, पेढे वाटले.

दसऱ्यानंतर गाडीची परीक्षा ठरली. कोडोलीला माझ्या मामांचं शेत आहे, तिथं बांधाच्या कडेला गाडी लावायची, वस्तीपासून लांब, आणि रात्र काढायची. काही झालंच तर कोल्हापूरचा दवाखाना गाडीनं तासाभराच्या आत. दोघं मोठ्या उत्साहानं गेले आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत परत आले. पहाटे यंत्र बंद पडलं होतं. बॅटरी संपली होती. अक्कांनी तात्यांना हलवून उठवलं आणि उजाडेपर्यंत दोघं पाठीला पाठ लावून बसून राहिले होते.

मी चहा घेऊन गेले तेव्हा तात्या पुन्हा कॉटवर जाऊन बसले होते. शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता, इंदे. मी हिंडलोय तेवढं बास हाय."

अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. "तुमी हिंडलाय," त्या म्हणाल्या. "मी कुटं हिंडलोय?"

एवढंच बोलून त्या मशिनवर जाऊन बसल्या आणि कुणाचा तरी परकर शिवायला घेतला. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होते, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बहुतेक तात्यांनीही ऐकलं नसावं. चहा त्यांच्या हातात तसाच निवून गेला.

दुपारी यासीन मिस्त्री आले. गाडीत बसून त्यांनी प्रत्येक सांधा तपासला. बॅटरी चांगली, फ्यूज चांगला, वायर चांगली, पण टपावरून वीज येत होती ती अगदी लंगडत. ऊन तर रणरणतं होतं. मिस्त्रींचं मत पडलं की पॅनलच खराब निघाली, परत करावी लागतील. अक्का मशिन थांबवून ऐकत होत्या, त्यांचा चेहरा पार उतरला होता. तेवढ्यात तात्या कॉटवरून उठले. टपावर कुणी बघितलं का, एवढंच विचारलं. कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी भिंतीची शिडी गाडीला लावली आणि चढायला लागले. वर्षभर ज्या माणसानं घराची पायरी ओलांडायला कुरकुर केली तो शिडी चढतोय हे बघून अक्का धावत बाहेर आल्या आणि शिडी धरून उभ्या राहिल्या.

वरून आवाज आला, "इंदे, हितं हार कुणी घातलाय?"

"कुणी म्हंजे? मी घातलोय की."

"पॅनलवर?"

"मग काम कोण करतंय? मशिनीलाच हार घालत्यात, टेबलाला न्हाई."

झेंडूच्या जाड जाड माळा दोन्ही पॅनलांवरून आडव्या-उभ्या घालून चारही कोपऱ्यांना पक्क्या बांधलेल्या होत्या. वर कुंकवाची बोटं. पॅनलवर नुसती एका कोपऱ्यात सावली पडली तरी सगळ्याचा जोर उतरतो, हे व्हिडिओत दहादा ऐकलेलं. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "अक्का, सूर्याला हार घालून झाकून ठिवलाय तुमी."

गोष्ट इथं संपायला हवी होती, पण अक्का अक्का होत्या. खंडेनवमीचा हार हातानं काढायचा नाही म्हणजे नाही. काय वाईट झालं तर? आधीच यांची तब्येत अशी. वाळून गळू दे, मग बघू. मिस्त्रींनी समजावलं, मी समजावलं. अक्का शिडी सोडायला तयार नाहीत आणि ऐकायलाही तयार नाहीत. शेवटी तात्याच वरून बोलले, आवाज न चढवता. "इंदे, ट्रकच्या काचंवरचा हार मी पूजा झाली की काढायचो. दर वर्साला. रस्ता दिसाय पायजे का नगं? देवाला काय राग न्हाई आला कदी." ट्रकवरचं तात्यांचं काही अक्कांनी कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं तिथं त्यांचा इलाज चालेना. त्यांनी शिडी सोडली आणि पदर पसरला. "टाकू नगा," म्हणाल्या. तात्यांनी एकेक माळ सोडून त्यांच्या पदरात दिली. मिस्त्री गाडीत जाऊन मीटरच्या आकड्यावर डोळे लावून बसले होते, ते ओरडून सांगायला लागले की चढला, अजून चढला. माळा बॉनेटवर बांधल्या गेल्या. तात्या खाली उतरले तेव्हा त्यांच्या शर्टाला झेंडूचा पिवळा रंग लागला होता, आणि ते मिस्त्रींना इंजिनाचं ऑईल कधी बदललं ते विचारत होते.

पुढच्या रविवारी पुन्हा कोडोली. मला घरी चैन पडेना, म्हणून सकाळच्या एसटीनं मीही गेले. मी पोचले तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. तात्या बांधावर बसून दात घासत होते, तोंडावर मुखवट्याचे वळ. अक्का कुठं दिसेनात. गल्लीत नळाला पाणी यायच्या आधी उठणारी बाई, आणि एवढ्या उन्हात गाडीचं दार बंद. मी गाडीकडं धावणार तोच तात्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"झोपल्याय ती," ते म्हणाले. "यंत्र चालू हुतं रातभर. मी उठलो तरी हिला पत्ता न्हाई."

आम्ही दोघं बांधावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं दार उघडलं. केस विस्कटलेले, एका गालावर उशीच्या शिवणीची रेघ उमटलेली, आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखा भाव. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सुनंदे, मी झोपलो गं." मी उगीचच चहा कुठं करायचा ते विचारलं.

त्यानंतर तीन हिवाळे ते दोघं हिंडले. तात्यांच्या गुळाच्या जुन्या वाटेनं गुजरात, पलीकडं राजस्थान, एकदा खाली कर्नाटकात समुद्राच्या कडेकडेनं. वाटेत धाब्यांवर तात्यांचे जुने ओळखीचे भेटायचे आणि अक्का त्यांची मापं घेऊन यायच्या. कच्छातून फोनवर मला मिठाच्या रानाचं वर्णन करून सांगायला गेल्या तर त्यांना शब्द सापडेनात. शेवटी म्हणाल्या की मांजरपाटाचं न धुतलेलं ठाणच्या ठाण पसरलंय बघ. गेल्या पावसाळ्यात साधा ताप म्हणून त्या झोपल्या आणि चार दिवसांत गेल्या. घरातच, तात्या उशाशी असताना. मी त्या वेळी तिथं होते, पण अक्का म्हटलं की मला ती खोली आठवत नाही. पहिल्यांदा दूरच्या प्रवासाला निघाल्या ती सकाळ आठवते.

तात्या ट्रकवर असताना निघायच्या वेळी अक्का दारात त्यांच्या हातावर दही घालायच्या. जाणाऱ्यानं ते खायचं, येतो म्हणायचं आणि मागं वळून न बघता निघायचं, अशी रीत. मी ते लहानपणापासून समोरच्या खिडकीतून बघत आले होते. त्या सकाळी अक्का आमच्या दारात आल्या, हातात दह्याची वाटी. घराला कुलूप लावून झालं होतं, किल्ली त्यांनी माझ्या मुठीत दिली आणि वाटी पुढं केली. "आमच्या हातावर तू घाल," म्हणाल्या. "मागं घरात कुणी न्हाई."

मी त्यांच्याच पायरीवर जाऊन उभी राहिले. तात्यांच्या हातावर दही घातलं, ते त्यांनी एका घासात खाल्लं, येतो म्हणाले आणि तडक स्टिअरिंगवर जाऊन बसले. चाळीस वर्षांची सवय. मग अक्कांनी हात पुढं केला. बोटांची टोकं सुया टोचून टोचून खरखरीत झालेली. मी चमचाभर दही घातलं. अक्का त्याच्याकडं बघत उभ्या राहिल्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातावर घातलेलं, स्वतःच्या हातावर कधी पडलं नव्हतं.

"फुडं काय करायचं असतंय गं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, खायचं आणि येतो म्हणायचं. त्यांनी खाल्लं. येतो म्हणायला गेल्या, पण ओठ नुसते हलले. तात्यांनी आतून हाक मारली, "ये की आता, आनि मागं बघू नगस." अक्का पदर सावरून त्यांच्या शेजारच्या सीटवर चढल्या आणि दार लावून घेतलं.

गाडी निघाली. अक्कांनी रीत पाळली, मान वळवली नाही. पण गाडी थोडी पुढं गेली तसा त्यांच्या बाजूच्या आरशात मला त्यांचा चेहरा दिसला. गल्ली संपून गाडी वळेपर्यंत त्या आरशातून स्वतःच्या दाराकडं बघत होत्या.